अर्ध्या चेहऱ्याची बाळंतीण

मी हसले की माझा डावा डोळा मिटतो. पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना वाटतं, मॅडम डोळा मारतात. दर वर्षी नवी बॅच येते, दर वर्षी मागच्या बाकांवर खसखस पिकते, आणि एखादा फारच धीट मुलगा उलट हसून बघतो. मी दिल्लीतल्या एका मेडिकल कॉलेजात शरीररचना शिकवते आणि माझ्या वाट्याला मज्जासंस्था आहे, म्हणजे मेंदू, मज्जारज्जू आणि कवटीतून थेट बाहेर पडणाऱ्या नसांच्या बारा जोड्या. त्यातली सातवी जोडी चेहऱ्याची. ती शिकवायची वेळ आली की मी खुलासा करून टाकते. माझी डावी नस एकदा गेली होती, परत वाढताना तिचे काही धागे पत्ता चुकले, आणि ओठाकडे निघालेला एक धागा पापणीत जाऊन मुक्कामाला राहिला. नोएडात सेक्टर बासष्टचं पार्सल त्रेसष्टात टाकून जातात, त्यातलाच प्रकार. वर्ग हसतो, त्यांच्याबरोबर मीही हसते आणि डोळा पुन्हा मिटतो.

ती नस कशामुळे गेली याबद्दल दोन मतं आहेत. एक वैद्यकशास्त्राचं आणि दुसरं माझ्या आईचं. आमच्या घरात आईचं मत बहुमताने मंजूर झालेलं आहे.

मुलगा झाला तेव्हा डिसेंबर होता. पहिलं बाळंतपण माहेरी, या नियमाने मी नोएडातल्या आमच्या फ्लॅटमधून दिल्लीतल्या आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टरमध्ये येऊन पडले. बाबा केंद्र सरकारच्या नोकरीत होते, निवृत्तीला थोडेच महिने उरले होते. मी लहानाची मोठी त्याच वसाहतीत झाले, पण बाळंतीण म्हणून तिथे राहणं हा वेगळाच तुरुंगवास होता. सकाळी तेल, मग कढत पाणी, मग ओव्याची धुरी, मग शेक, मग डिंकाचा लाडू, मग अळिवाची खीर. हे सगळं मी सहन केलं, लाडूंच्या बाबतीत तर आनंदाने केलं. भांडण जुंपलं ते कानांवरून.

आईचं म्हणणं असं की बाळंतिणीने कानात कापसाचे बोळे घालायचे, वरून स्कार्फ घट्ट बांधायचा आणि सव्वा महिना तो सोडायचा नाही. कानातून वारा शिरतो. शिरला की तो आयुष्यभर अंगात राहतो. माझ्या आजीच्या कोणा जावेच्या अंगात तो शिरला होता आणि ती बिचारी पुढे कायम वाकडी चालायची.

"आई, कानाला आत पडदा असतो," मी म्हटलं. "तो बंद असतो. वारा मेंदूत जायला तिथे बोगदा नाहीये."

"पडदे आपल्या खिडक्यांनाही आहेत," आई म्हणाली. "येतो की नाही वारा?"

मी पदव्युत्तर पदवी मिळवलेली बाई. मला हा अपमान वाटला. मी तिला कानाची आकृती काढून दाखवली. तिने ती नीट बघितली, छान काढलीस म्हणाली आणि माझ्या डोक्याला स्कार्फ गुंडाळला. ती स्वयंपाकघरात गेली की मी तो सोडायचे, ती आली की पुन्हा गुंडाळायचे.

दुसरा वाद होता सटवाईचा. बाळ झोपेत हसायचं. काही कारण नाही, समोर कोणी नाही, आणि ओठांचे दोन्ही कोपरे एकदम वर. आई लगेच म्हणायची, "बघ, सटवाई हसवतेय." मी तिला समजावलं की हे हसू मेंदूच्या खालच्या देठातून येतं. चोखणं, गिळणं, श्वास घेणं असली पोटापाण्याची कामं करणारा भाग आधी तयार होतो, कारण त्याशिवाय बाळ जगणार नाही. वरचा, विचार करणारा भाग जन्मतः बराचसा कच्चा असतो. तिथल्या नसांवर चरबीचं वेष्टण चढायचं असतं, जसं उघड्या वायरीवर प्लास्टिक चढवतात. दीड-दोन महिन्यांत थोडंफार काम झालं की मग बाळ माणसाचा चेहरा बघून हसतं. ते पहिलं खरं हसू. तोवरचं नुसतं देठातलं फडफडणं.

"म्हणजे आधी सटवाई हसवते आणि मग ते आपलं आपण हसतं," आई म्हणाली. "मी वेगळं काय म्हणतेय?"

संक्रांतीच्या दिवशी बाबा पानिपतला जायचे. दर वर्षी आमच्या मराठी मंडळींची एक बस काला अंबला जाते. तिथल्या स्मारकापाशी फुलं वाहायची, थंडीत कुडकुडत भाषणं ऐकायची, जेवायचं आणि परत यायचं. बाबांनी ही वारी कधी चुकवली नाही. त्या पहाटे ते मफलर, हातमोजे, थर्मास, सगळं घेऊन निघाले आणि बसमध्ये वाटायचा तिळगुळाचा मोठा डबा जेवणाच्या टेबलावर विसरले. आई बाळाला न्हाऊ घालत होती. मी डबा उचलला आणि स्लिपर घालून खाली पळाले.

गेटवर बस उभी होती. धुकं इतकं की तिचा मागचा भाग दिसत नव्हता. एक महिना मी दार ओलांडलं नव्हतं. गाडीच्या धुराचा वाससुद्धा मला सुगंधी वाटला. मी डबा दिला आणि तिथेच गप्पा मारत उभी राहिले. बसमधल्या एक काकू खिडकी सरकवून ओरडल्या, "अगं, बाळंतीण ना तू? उघड्या कानांनी काय फिरतेस?" मी हसून हात हलवला. तेव्हा मला पूर्ण हसता येत होतं. पुढे खटला उभा राहिला तेव्हा आईच्या बाजूने अख्खी बस साक्षीदार होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहाचा पहिला घोट घेतला आणि तो तोंडाच्या डाव्या कोपऱ्यातून सरळ गाऊनवर सांडला. वाटलं, झोप नीट उडाली नसेल. दुसरा घोटही सांडला. आरशात बघितलं तर डावा गाल लोंबत होता, डावा ओठ त्याच्यामागे निघाला होता, आणि डोळा मिटायला सांगितला की तो ऐकून न ऐकल्यासारखं करत होता.

आता इथे मला माझ्या विषयाचा पहिल्यांदाच काही व्यक्तिगत उपयोग झाला. मी भुवया वर केल्या. कपाळाच्या उजव्या अर्ध्यावर आठ्या पडल्या, डावा अर्धा सपाट राहिला. मी जोरात म्हटलं, "वा!" कारण कपाळाला मेंदूच्या दोन्ही बाजूंकडून हुकूम येतात. मेंदूतच काही बिघडलं असतं तर दुसऱ्या बाजूने कपाळ सांभाळून घेतलं असतं. कपाळही गेलंय म्हणजे बिघाड बाहेर आहे, नसेत आहे, कानामागच्या हाडातल्या त्या चिंचोळ्या वळणावळणाच्या बोळात नस सुजून अडकली आहे. हे बहुतेकांचं बरं होतं. मी बाथरूममध्ये उभी राहून आनंदाने पुन्हा पुन्हा भुवया उडवत होते, तेवढ्यात आई आली.

तिने आधी किंकाळी फोडली. मग दाराची चौकट धरली. मग म्हणाली, "म्हटलं होतं ना, कान बांध."

बाबा उठून आले, माझ्याकडे बघत राहिले आणि म्हणाले, "काल मी तिथे जाऊन आलो आणि पानिपत इथे झालं." त्यांना हे बोलून लगेच वाईट वाटलं. मला हसू आलं, तेही अर्धंच.

माझी वर्गमैत्रीण मेंदूविकारतज्ज्ञ आहे. तिने तपासलं आणि माझंच निदान मला सांगितलं. आत एखादा जुना विषाणू डोकं वर काढतो, नस सुजते. वाऱ्याचा काहीही संबंध नाही. ही माहिती मी आईला तिच्याच तोंडून ऐकवली. आईने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "पण तो विषाणू डोकं वर कशाने काढतो? थंडीनेच ना?" मैत्रीण म्हणाली, "आंटी, वो तो पक्का नहीं पता." आईने माझ्याकडे अशी नजर टाकली की मी गोळ्यांची चिठ्ठी वाचायला घेतली. गोळ्या, डोळ्यात घालायचे थेंब, रात्री पापणी चिकटवायला टेप, आणि आरशासमोर करायचे चेहऱ्याचे व्यायाम. धीर धर, मैत्रीण म्हणाली. तुटक्या नसा मिलिमीटर मिलिमीटरने वाढतात.

मग सुरू झाली वसाहतीची ओपीडी. सरकारी क्वार्टरांत देशाचं प्रत्येक राज्य राहतं आणि प्रत्येक राज्याकडे लकव्याचं औषध आहे. वरच्या मजल्यावरच्या आंटी पूर्व उत्तर प्रदेशातल्या. त्या म्हणाल्या, "बेटा, जंगली कबूतर का शोरबा. बिल्कुल शर्तिया." बाल्कनीतल्या एसीवर त्या वेळी पाच-सहा कबुतरं बसून माझ्याकडे बघत होती. आईने आंटींना चहा दिला, अच्छा अच्छा म्हटलं आणि त्या गेल्यावर बाल्कनीचं दार लावून घेतलं. "आता कबुतरंसुद्धा खायला लावतील," ती म्हणाली.

तिचा माशांना मात्र विरोध नव्हता. तो माझाच गाढवपणा. मी तिला एकदा कौतुकाने सांगितलं होतं की गर्भात ही नस घशाजवळच्या ज्या कमानीला मिळते, माशात तीच कल्ल्यांच्या कामी येते. आपल्याला कल्ले नकोत, म्हणून तिथले स्नायू सरकत सरकत चेहऱ्यावर आले आणि येताना नसेला बरोबर घेऊन आले. माशाचं कल्ले हलवायचं सामान आपण हसायला वापरतो. आई विचारात पडली. संध्याकाळी बाबा मासळी बाजारातून सुरमई घेऊन आले. मी ती खाल्ली. डाव्या बाजूचा घास गालातच अडकत होता आणि तो बोटाने काढावा लागत होता, पण सुरमई झकास होती.

नवरा नोएडाहून शनिवार-रविवार यायचा, बाकी दिवस व्हिडिओ कॉल. पहिल्या कॉलला मी ठरवून काही सांगितलं नाही. तो बोलत राहिला, थांबला आणि म्हणाला, "अगं, नेटवर्क गेलंय वाटतं. तुझी अर्धी स्क्रीन फ्रीज झालीये." मी सांगितल्यावर तो रडायच्या बेताला आला. मग मीच त्याची समजूत काढली.

एवढं सगळं मी हसण्यावारी नेलं, आणि ते नाटकही नव्हतं. मला माझ्या चेहऱ्याचं फार काही वाटत नव्हतं. तो परत येणार, उशिरा येईल, थोडा वाकडा येईल, चालेल. मला झोपेतून उठवत होती ती वेगळीच भीती. बाळ दीड महिन्याचं होत आलं होतं. हाच त्याचा हसायला शिकायचा काळ. त्याच्या डोक्यात आत्ता, या आठवड्यांत, चेहऱ्याचा नकाशा तयार होत होता. दिवसभर त्याच्यासमोर सगळ्यात जास्त वेळ कोणाचा चेहरा होता? माझा. म्हणजे अर्धा लोंबणारा, एक डोळा टेपने चिकटवलेला. याला बघून ते काय हसणार? आणि हसलं, तर हसणं म्हणजे एकच कोपरा वर करायचा असं शिकलं तर? मूल असं नक्कल करून हसायला शिकत नाही, आंधळी मुलंही हसतात, हे मी वर्गात स्वतः शिकवते. परीक्षेत कोणी माझी भीती उत्तर म्हणून लिहिली असती तर मी शून्य दिलं असतं. तरी ती जात नव्हती. मी फार घाबरले होते.

कारण ते हसतच नव्हतं. झोपेत सटवाईकडे बघून दोन्ही बाजूंनी मजेत हसायचं. जागं झालं की माझ्याकडे गंभीरपणे टक लावून बघायचं, एखादा साहेब फाइल बघतो तसं.

म्हणून मी तोंड चुकवायला लागले. दूध पाजताना मान डावीकडे वळवायची, म्हणजे त्याला फक्त माझा उजवा गाल दिसेल. त्याच्याशी बोलायचं तेही भिंतीकडे बघून. आणि एक दिवस मी स्वतः होऊन स्कार्फ मागितला. डाव्या गालावरून ओढून घट्ट बांधला की लोंबणारा भाग बराचसा झाकला जायचा. आईला वाटलं, पोरीला अक्कल आली. तिने फोन करून दोन मावश्यांना ही बातमी दिली. मी तिला खरं कारण सांगितलं नाही.

त्यात डाव्या डोळ्याचं वेगळं. खालची पापणी सैल पडल्यामुळे अश्रू नाकाकडे वाहून न जाता गालावर ओघळायचे, दिवसभर. भेटायला आलेली बाई हमखास जवळ बसून पाठीवर हात फिरवायची, "रो मत बेटा." मी सांगायचे की मी रडत नाहीये, पापणीचा स्नायू काम करत नाही, निचरा होत नाही. ती आणखी जोरात थोपटायची. शेवटी आईच दारातच सगळ्यांना सांगू लागली, "वो रो नहीं रही, उसका लेफ्ट वाला नल लीक है." मला हे माझ्या व्याख्यानांपेक्षा जास्त पटलं.

"बाळाकडे सरळ बघ की गं," ती मला एकदा म्हणाली. "चोरासारखं तोंड काय फिरवतेस? त्याने कोणाकडे बघायचं?"

"तुझ्याकडे बघू दे," मी म्हटलं.

ती बाळाला मांडीवर घेऊन टाळूवर तेल थापत बसली. ते तिच्याकडे डोळे मोठे करून बघत होतं आणि मला तिचा मनापासून हेवा वाटला. साठीची बाई, पण तोंड दोन्ही बाजूंनी शाबूत.

फेब्रुवारी लागला. दिल्लीत त्या दिवसांत दुपारी ऊन चांगलं पडतं आणि सगळी वसाहत बाल्कन्यांत येऊन बसते. मीही गोधडी अंथरून बाळाला समोर दुमडलेल्या गुडघ्यांवर टेकवलं, स्कार्फ सोडला आणि व्यायाम काढले. हाताएवढा आरसा तोंडासमोर धरायचा आणि गाल फुगवायचे, शीळ घालायची, भुवया वर, दात दाखवून 'ई', ओठ काढून 'ऊ'. आरसा मध्ये असल्यामुळे बाळाला मी दिसत नव्हते, म्हणून मी बिनघोर वेडेवाकडे चाळे करत होते. गाल फुगवला की डावीकडून फुस्स करून हवा जायची. मग ऊन आरशावर आलं, तिरीप बरोबर त्या न मिटणाऱ्या डोळ्यात घुसली आणि मी आरसा झटकन खाली ठेवला. व्यायाम अर्धवट राहिला होता. तोंड तसंच 'ई' करून उघडं होतं.

बाळाने बघितलं. पहिल्यांदा कपाळाला आठी घातली, दोन्ही बाजूंना. मग त्याच्या ओठांचे कोपरे थरथरले आणि वर गेले.

मी मागे वळून बघितलं. दारात आई खिरीची वाटी घेऊन उभी होती आणि तीही हसत होती.

"आई, तू आत जा."

"का? मी काय केलं?"

"तुझ्याकडे बघून हसतोय की माझ्याकडे, ते मला बघायचंय."

"घ्या! आता आजीने उभंही राहायचं नाही," असं म्हणत ती आत गेली आणि वाटी ओट्यावर जरा जोरात आपटली.

मी पुन्हा बाळाकडे वळले. आता समोर कोणी नव्हतं, फक्त मी. उन्हात, स्कार्फ नाही, टेप नाही, मान सरळ. मला एकदम लाज वाटली, जशी मुलाखतीला गेल्यावर वाटते. मग मी माझ्याकडे होतं तेवढं हसले. उजवा कोपरा वर गेला, डावा जागेवरून हलला नाही. बाळाने बघितलं, नीट बघितलं, दोन्ही डोळ्यांकडे आळीपाळीने बघितलं. आणि हसलं. दातांशिवायच्या हिरड्या दाखवून, हातपाय झाडत, घशातून एक छोटा हुंकार काढत हसलं. दोन्ही कोपरे सारखे वर होते. मी खाली वाकून बघितलं, बाजूने बघितलं, शरीररचनेच्या बाईने बघावं तसं सगळीकडून बघितलं. कुठेही वाकडं नव्हतं. मी अर्ध्या तोंडाने दिलेलं हसू त्याने पुरतं करून परत केलं होतं आणि त्याला यात काही कमी आहे हे कळलंही नव्हतं.

"काय झालं गं?" आतून आईचा आवाज आला. "गप्प का झालीस? रडतेस का?"

"नाही गं. डोळ्याला पाणी येतंय. नस गेलीये ना."

ती बाहेर आली. माझ्यासमोर उकिडवी बसली, हनुवटीला धरून माझं तोंड उन्हाकडे वळवलं आणि डॉक्टरीण असल्यासारखं निरखून बघितलं.

"नस तुझी डावी गेलीये," ती म्हणाली आणि पदराने माझा उजवा डोळा पुसला.